खडू चालतो, बेडपॅन का चालत नाही?

जून महिना आला की छावणीत घरोघरी एकच कीर्तन चालू होतं. पोरगी बारावी झाली, आता काय करायचं? टेबलावर दोन कागद पडलेले. एक मास्तरकीच्या डिप्लोम्याचा. त्याचं नाव आता डी.एल.एड. झालंय, आपली माणसं अजून डी.एड.च म्हणतात. दुसरा नर्सिंगचा. पहिल्या कागदावर बापाचा हात. दुसऱ्यावर पोरीचा.

मागच्या जूनमध्ये विहारात वंदना संपल्यावर एक बाप असाच पोरीला घेऊन आला. म्हणाला, "दादा, तुमीच समजावा हिला. कुनी इचारलं पोरगी काय करती, तर काय सांगू? लोकायचं हागनं-मुतनं काढती म्हनून सांगू?" आम्ही सात-आठ कार्यकर्ते बसलेलो. दोघे प्राध्यापक, तेही तासिका तत्त्वावरचे. एक वकील. एकजण नगरसेवक व्हायच्या तयारीत. सगळ्यांनी बापाची री ओढली. "सावित्रीची लेक आहेस बाई तू. शिक्षिका हो." पोरगी मान खाली घालून फरशीवर अंगठा घासत बसली. मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटते म्हणून हे लिहितोय.

आधी मास्तरकीबद्दल. मास्तर हा शब्द आपल्या माणसाला का गोड लागतो हे मला ठाऊक आहे, आणि त्याची टिंगल करणारा मी नाही. रामजी सुभेदार लष्करी शाळेत मास्तर होते, मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब जन्मले ते महूच्या छावणीत. गावाच्या शाळेत आमची सावली चालत नव्हती, त्या काळात पलटणीच्या शाळेनं आमच्या बापजाद्यांच्या हातात पाटी दिली. म्हणजे छावणी आणि मास्तर हे नातं आपल्या इतिहासातच आहे. आपल्या या छावणीच्या शेजारीच नागसेनवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये इथं कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यातली पोरं पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आली, आणि प्राध्यापक, मास्तर, कारकून, लेखक होऊन बाहेर पडली. ती शिकली म्हणून बोलू लागली. ती बोलू लागली म्हणून २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होताच गावोगाव आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. १४ जानेवारी १९९४ पर्यंत सोळा वर्षं झुंजावं लागलं. त्या लढाईत मास्तर होता. त्याला सलाम.

पण मित्रांनो, तो मास्तर आणि आजची मास्तरकी यात मोठं अंतर पडलंय. ते बापाला कोण सांगणार? आपणच सांगायला पाहिजे.

आज डिप्लोमा केला म्हणजे नोकरी लागली असं नाही. टीईटी द्या. मग अभियोग्यता चाचणी द्या. मग पवित्र पोर्टलकडं डोळे लावून बसा. २०१२ नंतर भरतीला कुलूप लागलं, त्यात डी.एड. झालेली एक अख्खी पिढी वयात बसेनाशी झाली. त्यातली कितीतरी माणसं आज मोबाईलच्या दुकानात आणि एमआयडीसीच्या गेटवर आहेत. टीईटीचंही काय झालं? २०१९-२० च्या परीक्षेचा घोटाळा डिसेंबर २०२१ मध्ये उघडा पडला. परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली, साडेसात हजारांहून जास्त उमेदवार अपात्र ठरले. ज्यांच्याकडं द्यायला पैसा नव्हता ती आपली पोरं रात्र-रात्र जागून नापास होत होती, आणि तिकडं गुण विकले जात होते. निवड झालीच तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकच्या सेवकाला ६,००० रुपये मानधन होतं, ते २०२३ मध्ये १६,००० झालं. आणि १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नोकरीत असलेल्यांनाही टीईटी पास व्हावंच लागेल. ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरली, त्यांना दोन वर्षांची मुदत. पर्मनंट झालेला मास्तरही आता पुस्तक काढून बसलाय.

खाजगी संस्थेचं तर बोलायलाच नको. संस्थाचालक कोण, त्याची जात कोणती, गावात जमीन किती, हे तुम्हाला माहीत आहे. विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षं फुकट राबवून घेतात. आज ना उद्या अनुदान येईल म्हणून माणूस राबतो. याला आमचे आजोबा वेठबिगारी म्हणायचे. आम्ही सर म्हणतो.

आता नर्सिंग. सातव्या वेतन आयोगात सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. प्राथमिक शिक्षकाचं २९,२०० पासून, तेही तीन वर्षं सेवक राहिल्यावर. हा सरकारी कागद आहे, माझ्या मनचं नाही. मग बाप पोरीला कमी पगाराच्या, जास्त रांगेच्या, भरतीच बंद पडणाऱ्या धंद्याकडं का ढकलतो? पैशासाठी तर नक्कीच नाही. मग कशासाठी? दोस्तांनो, इथंच तो बसलाय. मनू. आपल्या घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्ची टाकून बसलाय.

खडू स्वच्छ. बेडपॅन घाण. पाटीला हात लावणारा वरचा, माणसाच्या अंगाला हात लावणारा खालचा. ही उतरंड कुणी लावली? ज्यानं आपल्याला गावाबाहेर ठेवलं त्यानंच. मेलेलं, सडलेलं, सांडलेलं, वाहणारं जे जे असेल ते ज्यानं उचललं तो विटाळला. आपण ती पोथी जाळली. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळली. पण पोथीतला विटाळ आपल्या नाकात राहून गेला. पोरगी नर्स होणार म्हटलं की तो वास येतो.

यावर आमचे मित्र एक सवाल टाकतात, आणि तो सवाल खरा आहे, टाळता येणार नाही. ते म्हणतात, "बाबासाहेबांनीच सांगितलं ना, घाण कामं सोडा? मेलेली ढोरं ओढू नका, वतनं फेका. आणि तू पोरींना पुन्हा घाणीत घालायला निघालास?"

ऐक दोस्ता. बाबासाहेबांनी जे सोडायला लावलं ते काम जन्मानं लादलेलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. मजुरी नव्हती, होतं ते बलुतं, म्हणजे उरलेलं, शिळं. शिकून ते काम मिळत नव्हतं आणि शिकून सुटतही नव्हतं. महाराच्या पोटी आला की ढोर ओढायचं. नर्सिंग तसं आहे का? तीन वर्षं जीएनएम किंवा चार वर्षं बी.एस्सी. करावी लागते. शरीर कसं चालतं, औषध किती द्यायचं, नाडी कधी बिघडते, बाळ आडवं आहे का उभं, हे शिकावं लागतं. परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नाव नोंदवावं लागतं. पगार महिन्याला, रजा कायद्यानं, आणि नाही जमलं तर राजीनामा देता येतो. ज्याचा राजीनामा देता येतो ते वतन नसतं.

आणि आणखी एक गोष्ट, जी आपण बोलत नाही. दवाखान्यात आपण आजही आहोतच. जाऊन बघा वॉर्डात. बेडपॅन कोण उचलतं? सिस्टर क्वचित उचलते. उचलते ती मावशी. रक्तानं भिजलेल्या चादरी कोण गोळा करतं? मामा. ड्रेसिंगचा कचरा, गटारी, शवागार, कोण सांभाळतं? नावं विचारा, आडनावं विचारा. बहुतेक आपलीच माणसं. ठेकेदाराकडून, कंत्राटावर, हातात मोजे मिळाले तर मिळाले. ज्या बापाला पोरीच्या नर्सिंगची घाण वाटली, त्याची सख्खी बहीण एका दवाखान्यात मावशी आहे. तिची घाण त्याला वीस वर्षांत वाटली नाही. म्हणजे घाण आपण काढतोच आहोत, फक्त न शिकता, न नोंदता, ठेकेदाराच्या मर्जीवर काढतोय. पोरगी शिकून, कौन्सिलच्या रजिस्टरात नाव घालून त्याच वॉर्डात उभी राहायला निघाली, तेव्हा आपली अब्रू आडवी आली. काय न्याय आहे!

अजून मागं चला. मराठवाड्यातल्या, महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बाळंतपण कोण करायचं? मांगवाड्यातली, कुठं महारवाड्यातली सुईण. पाटलाच्या वाड्यात मागच्या दारानं तिला घ्यायचे. पाटलाच्या पोराला जगात पहिला हात लागायचा तो तिचा. नाळ तीच कापायची. पोर रडलं की ते वाड्याचं, आणि ती पुन्हा अस्पृश्य. पसाभर जोंधळे आणि जुनेर घेऊन बाहेर. बाळंतपणाची सगळी विद्या आमच्या आज्यांच्या बोटात होती. पण तीच विद्या दवाखान्यात गेली, तिला गणवेश आला, पगार आला, पेन्शन आली, तेव्हा आमच्या आज्यांना कुणी बोलावलं नाही. अडाणी, घाणेरडी म्हणून बाजूला काढलं. आणि सोवळ्यातल्या लोकांनी काय केलं? पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन निघालं, रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं. त्या संस्थेनं ससूनमध्ये बायकांना परिचारिकेचं शिक्षण दिलं, त्यात उच्चवर्णीय विधवाही होत्या. चांगलंच केलं, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण धडा घ्या. ज्यांनी विटाळ शोधून काढला त्यांच्या घरातून वेळ आल्यावर विटाळ खुंटीला टांगून बायका वॉर्डात गेल्या. केरळच्या ख्रिस्ती मुली गेल्या. त्यांनी त्यावर घरं बांधली, भावंडं शिकवली, आखाती देशांपासून इंग्लंडपर्यंत पोचल्या. आणि आम्ही, ज्यांच्यावर विटाळ लादला ते, अजून नाक धरून उभे.

आता सावित्रीबाई. विहारात सगळे म्हणाले, सावित्रीची लेक. कॅलेंडरवरची सावित्री सगळ्यांना पाठ आहे. १८४८, भिडेवाडा, अंगावर शेण, पिशवीत दुसरं लुगडं. ३ जानेवारीला आपण हार घालतो, भाषणं करतो. पण सावित्रीबाई गेल्या कशानं? १८९७ चा प्लेग. पुण्यात माणसं पटापट मरत होती, नातेवाईक मढ्याला हात लावत नव्हते. सहासष्ट वर्षांची ती म्हातारी, पोरगा डॉ. यशवंत याच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात रोगी आणून घालत होती. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा पोरगा प्लेगनं तापला होता. त्याला पाठीवर घेऊन ती चालत आली, असं सांगतात. त्याच साथीत प्लेगनं १० मार्च १८९७ ला ती गेली. जगली मास्तरीण म्हणून. मेली ती आजाऱ्यांची सेवा करता करता. आपण तिचा अर्धा फोटो लावलाय भिंतीवर. खडूवाला. दुसरा अर्धा, ज्यात तिच्या पाठीवर महाराचं पोर आहे, तो कापून टाकला. कुणी कापला? बामणांनी नाही. आपणच.

आणि बुद्ध? रोज त्रिशरण म्हणतो आपण. विनयपिटकात गोष्ट आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. बाकीचे भिक्खू जवळ जात नव्हते. हा आमच्या काही उपयोगाचा नाही, म्हणत होते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवलं, स्वतः त्याच्यावर पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला बोलावून खडसावलं. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्यानं आजाऱ्याची करावी, असं सांगितलं. तो बुद्ध जगाचा शिक्षक होता की नाही? होता. त्याच्या हाताला काय लागलं होतं? आमच्या विहारातल्या एकाही दादाला त्या संध्याकाळी ही गोष्ट आठवू नये?

दुसरं भूत आहे रात्रपाळीचं. "नर्सचं लगीन जमत नाही." "रात्री डॉक्टरांसोबत..." पुढचं वाक्य अर्धं सोडतात, डोळा मिचकावतात. हे बोलणारे कोण? स्त्री-पुरुष समतेवर व्याख्यान देणारे, हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं हे टाळ्या घेऊन सांगणारे. अरे, रात्री दोन वाजता तुझी बायको कळा देत असते, तेव्हा तिच्याजवळ जागी असलेली बाई तुला देवी वाटते, आणि सकाळी सात वाजता ती ड्युटी संपवून रिक्षात बसली की तीच संशयित? लेबर रूममध्ये आपल्या बाईवर कुणी खेकसतं, मांडीवर चापट मारतं, "इतकी पोरं काढायला लाज नाही वाटत?" म्हणतं, तेव्हा आपण बाहेर दात-ओठ खातो. आत आपली पोरगी इन्चार्ज सिस्टर म्हणून उभी असती तर? गावच्या उपकेंद्रात आपली एएनएम असती तर? घाटीत जालन्याहून, बीडहून, बुलढाण्याहून आलेली आपली माणसं चिठ्ठी हातात धरून या खिडकीतून त्या खिडकीत फिरतात. त्यांना "मावशी, इकडं या, मी सांगते" म्हणणारी एक सिस्टर म्हणजे किती मोठी चळवळ आहे, हे आपल्याला अजून कळलेलं नाही.

म्हणून मी काय, नर्सिंगची आरती ओवाळतोय? नाही. तिथलं शोषण मला माहीत आहे. २०२० मध्ये थाळ्या वाजवल्या, टाळ्या पिटल्या. लाट ओसरल्यावर कोविडपुरत्या घेतलेल्या कंत्राटी पोरींना घरी पाठवलं. खाजगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर बारा-बारा तास राबवतात, कुठं मूळ कागदपत्रं अडकवून ठेवतात. सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून केंद्रानं समिती नेमली. तिनं सांगितलं की ५० हून कमी खाटांच्या खाजगी दवाखान्यातही नर्सला २०,००० च्या खाली देऊ नये, आणि २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतकंच द्यावं. शिफारस कागदावर. केरळच्या नर्सेसनी संप करून, रस्त्यावर येऊन २०१८ मध्ये २०,००० चं किमान वेतन पदरात पाडून घेतलं. आपल्याकडं मे २०२२ मध्ये सरकारी परिचारिका ठेकेदारी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या, तेव्हा आपल्यातले किती कार्यकर्ते त्यांच्या मांडवात जाऊन बसले? मी नाही बसलो. आणि जात तिथंही सुटत नाही. डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला मुंबईत मेली. जातीवरून छळ झाल्याच्या आरोपाचा खटला कोर्टात गेला. पांढऱ्या कोटाखाली काय असतं ते आपल्याला माहीत आहे. पण म्हणून मैदान सोडायचं असेल तर मग शाळा तरी कुठं सोवळ्यातून सुटली?

तेव्हा कार्यकर्त्यांनो, पोरीला उपदेश करायच्या आधी तिच्या कामाचं काहीतरी करा. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि राज्य कौन्सिलची मान्यता आहे का, ते यादीत बघा. चौकाचौकात बोगस कोर्सच्या पाट्या लागल्यात, सहा महिन्यांत नर्स करून देणाऱ्या. त्यात गेलेली पोरगी उद्या कुठंच नर्स म्हणून लागत नाही. बी.एस्सी. नर्सिंगला सीईटी आहे, त्याची तारीख विहाराच्या फळ्यावर लिहा. प्रवेश सरकारी फेरीतूनच घ्यायला लावा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की भारत सरकारची शिष्यवृत्ती गेली. आणि छावणीतल्या पोरींना एक गोष्ट मुद्दाम सांगा. लष्करी परिचर्या सेवा. पुण्याच्या एएफएमसीत आणि लष्कराच्या इतर नर्सिंग कॉलेजांत नीटचे मार्क आणि पुढची निवड पार करून पोरगी शिकते, आणि लेफ्टनंट होऊन बाहेर पडते. ज्या पलटणीनं १८९२-९३ च्या सुमारास आमच्या बापजाद्यांना तुमची जात लढाऊ नाही म्हणून भरतीतून हाकललं, त्या पलटणीत छावणीची पोर खांद्यावर तारे लावून जाऊ शकते. लोखंडी पुलावरून रोज लष्कराच्या गाड्या जाताना बघतो आपण. त्यात आपली अधिकारी बसलेली कधी कल्पिली का?

आणि ज्या पोरीला खरंच मास्तरीण व्हायचंय, तिनं मास्तरीण व्हावं. जरूर. जिल्हा परिषदेच्या शाळा पटाचं कारण सांगून बंद पाडायचा घाट आहे, तिथं आपली बाई उभी राहायला पाहिजे. फक्त हात स्वच्छ राहतात म्हणून नको. लग्नाच्या बाजारात भाव येतो म्हणून नको. आणि पोरांनो, तुम्हीही ऐका. नर्सिंग म्हणजे बाईचंच काम, हाही मनूचाच कायदा. तुमच्यापैकी किती जण फॉर्म भरायला तयार आहेत?

१८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेब शिकलेल्यांवर हळहळले. शिकलेल्यांनी धोका दिला म्हणाले. आपण ते वाक्य कारकुनांवर, साहेबांवर फेकतो. त्या संध्याकाळी विहारात एका पोरीसमोर आम्ही सात-आठ शिकलेले बसलो होतो. तिच्या बापाच्या मनातली भीती काढायची सोडून आम्ही तिला मान हलवली. हाही धोकाच.

ती पोरगी कुठं गेली म्हणता? डी.एल.एड.ला बसवली तिला. मी उशिरा जागा झालो. पण तिची धाकटी बहीण या वर्षी बारावीला आहे. मी तिच्या बापाकडं जाणार आहे, त्याच्या बहिणीला, त्या मावशीला, सोबत घेऊन. बोलणार तीच. मी ऐकणार.

आणि येत्या १० मार्चला आपल्या विहारात कार्यक्रम ठेवायचा. ३ जानेवारीला शिक्षकांचा सत्कार करतो ना? १० मार्चला वॉर्डातल्या सिस्टरचा, एएनएमचा आणि कंत्राटी मावशीचा करायचा. खुर्च्या त्यांना. सतरंजीवर आपण बसायचं. ज्यांना वास येतो त्यांनी येऊ नये.

जयभीम.